माल्टातला सप्टेंबर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माल्टा हे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या तोंडी नसते. फळबाजारात मोसंब्या-संत्र्यांच्या एका जातीला माल्टा म्हणतात आणि शाळेच्या नकाशात इटलीच्या बुटाखाली एक ठिपका असतो. संपले. आमच्या घरात मात्र हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक होते. माझे आजोबा रत्नागिरीकडचे, पोरवयातच मुंबई बंदरात खलाशी म्हणून लागलेले. जून १९२० मध्ये बंदरावर लोटलेल्या गर्दीची हकीकत ते आम्हा मुलांना सांगत. देवबंदचे मौलाना महमूद हसन आणि त्यांचे शिष्य हुसेन अहमद मदनी त्या दिवशी बोटीतून उतरले होते. इंग्रजांविरुद्धच्या ‘रेशमी रुमाल’ कटाच्या प्रकरणात १९१६ च्या अखेरीस हेजाजमध्ये त्यांना पकडण्यात आले होते आणि १९१७ पासून तीन वर्षे माल्टाच्या छावणीत डांबून ठेवले होते. ‘असीर-ए-माल्टा’, म्हणजे माल्टाचे कैदी, असे त्यांना म्हणत. आजोबांना त्यातले राजकारण फारसे कळत नसावे. त्यांनी गर्दी पाहिली, एवढेच. पण ‘माल्टा’ हा शब्द ते असा उच्चारीत, की आम्हा मुलांना तो काळ्या पाण्याचाच एक भाग वाटे.

त्या बेटावर सप्टेंबर २०२३ मध्ये मी तीन आठवडे राहून आलो. माझी भाची तिथे एका इस्पितळात परिचारिका आहे. ‘मामू, एकदा या, उन्हाळा सरला की या,’ असे ती दोन वर्षे फोनवर सांगत होती. तिच्या घरी ती, तिचा नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. भूमध्य समुद्रातले बेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातली गाणी येतात. मी गेलो तो भाचीच्या हातचे तांदळाचे घावन खायला आणि नातीशी बोलायला. बाकी जे पाहिले ते ओघात पाहिले.

सिसिलीच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर हे छोटे राष्ट्र आहे. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मे. माल्टा, गोझो आणि इवलेसे कोमिनो मिळून एवढेच. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाख एकोणीस हजारांच्या वर होती आणि त्यात दर पाच जणांत एकाहून जास्त परदेशी. रस्त्यावर स्कूटरवरून जेवणाचे डबे पोचवणारी आपल्याकडची पोरे दिसतात, इस्पितळांत केरळच्या मुली दिसतात. आपण फार दूर आलो आहोत असे पहिल्या दिवशी वाटतच नाही.

ते वाटते बेटाचा रंग पाहिल्यावर. मी कोकणातून निघालो तेव्हा भात निसवायला आले होते, बांधावर गुडघाभर गवत होते, घराच्या भिंतींनासुद्धा शेवाळाचा हिरवा वास येत होता. आणि इथे सगळे बेट भाजलेल्या भाकरीच्या रंगाचे! घरे, देवळे, तटबंदी, शेताचे गडगे, सारे एकाच पिवळसर चुनखडी दगडाचे, आणि मे महिन्यापासून पावसाचा जवळजवळ थेंब नाही. माल्टात नदी नाही. एकही नाही. पिण्याचे निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवतात. नळ उघडा राहिला की भाची नातीला ओरडते, आणि तिला ते पाणी पाहून आपल्या मार्च-एप्रिलमधल्या विहिरी आठवतात. आपला सप्टेंबर पावसाच्या शेवटाचा, त्यांचा पावसाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला. समुद्र मात्र उन्हाळाभर तापून कोमट झालेला असतो. गडग्यांवर फड्या निवडुंग माजलेला, आणि त्याची लालपिवळी बोंडे नेमकी याच दिवसांत पिकतात. ती सोलून थंड करून बाजारात विकायला ठेवतात. आम्ही लहानपणी निवडुंगाची बोंडे खाऊन जीभ लाल करून घेत असू आणि मार खात असू. त्यासाठी पैसे मोजावे लागतील असे कधी वाटले नव्हते.

सप्टेंबरची दुसरी खूण म्हणजे लांपुकी नावाचा मासा. ऑगस्टच्या मध्यापासून त्याचा हंगाम सुरू होतो. त्याला पकडण्याची रीत मला फार आवडली. ताडामाडाच्या जातीच्या झाडांच्या झावळ्या तोडून त्यांचे तराफे समुद्रात सोडतात आणि दगड बांधून एका जागी ठेवतात. हा मासा सावलीचा भुकेला. उघड्या समुद्रात कुठे सावली मिळाली की तो तिच्याखाली गोळा होतो, मग भोवती जाळे टाकायचे. मार्साश्लोक्कच्या बंदरात होड्यांच्या नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेले असतात. तिथल्या रविवारच्या बाजारात एका कोळ्याला मी आमच्याकडच्या पापलेटबद्दल सांगत होतो. त्याने ऐकून घेतले आणि लांपुकीच खरी, असा चेहरा केला. रत्नागिरीतही असेच झाले असते.

पण मला आज बोलायचे आहे ते भाषेविषयी.

पहिल्या सकाळी भाचीच्या स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. मी चहा पीत होतो. निवेदिकेने काहीतरी म्हटले आणि त्यातला एक शब्द माझ्या कानाला ओळखीचा लागला: अहबार. थोड्या वेळाने दिन्या. मग सेना. मी भाचीला विचारले, हे अरबी स्टेशन आहे का? ती हसली. ‘मामू, हीच इथली भाषा. माल्टी. अहबार म्हणजे बातमी.’ म्हणजे आपली खबर आणि उर्दूतले अखबार. दिन्या म्हणजे दुनिया. सेना म्हणजे वर्ष, आपण ‘सन १९६०’ म्हणतो तोच तो सन.

त्या दिवसापासून मला नादच लागला. खिशात वही ठेवून शब्द टिपत हिंडलो. आजेब म्हणजे नवल, आपले अजब. हय्या म्हणजे जीवन, आपण ‘वडील हयात आहेत’ म्हणतो ते. हक्क म्हणजे न्याय. हसीब म्हणजे विचार. एकच अरबी शब्द, आपण त्याचा हिशेब केला आणि त्यांनी विचार केला. यावर आपल्या व्यापारी स्वभावाबद्दल कुणी काही बोलू नये! माणूस या अर्थी शब्द आहे बनीदेम, म्हणजे बनी आदम, आदमची लेकरे. आमच्या नातीने तर पहिल्याच संध्याकाळी माझी फजिती केली. बागेतून निघताना ती ओरडली, ‘नाना, एय्या द-दार!’ मी दार शोधू लागलो. माल्टीत दार म्हणजे घर. ‘चला घरी’ असे ती म्हणत होती. ती तिथल्या सरकारी शाळेत जाते, माल्टी तिच्या जिभेवर आमच्या मराठीपेक्षा लवकर येते, आणि भाचीला त्याची थोडी काळजीही वाटते.

आता खरी गंमत ऐका. हे लोक कट्टर रोमन कॅथलिक. गावोगावी भलीमोठी चर्च, प्रत्येक गावाचा संत, त्याचा वार्षिक उत्सव, बँड, शोभेचे दारूकाम. आणि हे लोक देवाला म्हणतात अल्ला. चर्चमध्ये, प्रार्थनेत, अगदी राष्ट्रगीतातसुद्धा. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाला म्हणतात रन्दान. रमझान आणि तो एकच शब्द. नाताळ म्हणजे इल-मिलीद, आपण ईद-ए-मिलाद म्हणतो त्यातला मिलाद, जन्म. शुक्रवार म्हणजे इल-जिमा, आमचा जुम्मा. आणि गुड फ्रायडेला काय म्हणत असतील? इल-जिमा ल-क्बीरा. मोठा जुम्मा! मी हे भाचीच्या नवऱ्याकडून ऐकले तेव्हा हातातला घास हातात राहिला.

हे झाले कसे, तेही थोडक्यात सांगतो. इ. स. ८७० मध्ये अरबांनी हे बेट घेतले. १०९१ मध्ये सिसिलीचा नॉर्मन सरदार रॉजर चालून आला आणि हळूहळू सत्ता ख्रिस्ती राजांकडे गेली. तेराव्या शतकात मुसलमानांना बेट सोडावे लागले. जे उरले ते ख्रिस्ती होते किंवा झाले. धर्म गेला, राज्य गेले, लिपी गेली. भाषा मात्र गेली नाही. सात-आठशे वर्षे अरबस्तानापासून, कुराणापासून तुटलेली ही बोली शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या तोंडी जिवंत राहिली. सिसिलियन आणि इटालियन शब्दांची तिच्यात इतकी भर पडली की कोशातले शब्द मोजले तर निम्म्याच्या आसपास तेच भरतील. पण भाकरी, पाणी, सूर्य, चंद्र, काळीज, मरण, हे शब्द आणि क्रियापदांची सगळी घडण अरबीच. लिहितात रोमन लिपीत. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांत सेमिटिक कुळातली ही एकटीच.

बेटावर शिकलेल्यांची भाषा शतकानुशतके इटालियन होती. माल्टी म्हणजे स्वयंपाकघरातली, चाकरांची. १९३४ मध्ये तिला इंग्रजीबरोबर राजभाषेचा दर्जा मिळाला. तो मिळावा म्हणून ज्याने पहिली कुदळ मारली त्याचे नाव मिकिएल आन्तोन वासाल्ली. जन्म १७६४ चा. १७९६ मध्ये त्याने माल्टीचा कोश छापला. राजकारणात पडला म्हणून तुरुंग आणि हद्दपारी भोगली. म्हातारपणी परत आला आणि विद्यापीठात माल्टीचा पहिला प्राध्यापक झाला. १८२९ मध्ये वारला तेव्हा चर्चने त्याला आपल्या दफनभूमीत जागा दिली नाही. इंग्रजांच्या प्रोटेस्टंट दफनभूमीत त्याला पुरले. आज त्याला माल्टी भाषेचा जनक म्हणतात. आणि राष्ट्रकवी डुन कार्म, पेशाने पाद्री, चाळिशी गाठेपर्यंत इटालियनमध्ये कविता करीत होता. १९१२ मध्ये त्याने पहिली माल्टी कविता लिहिली आणि मग तिथेच रमला. राष्ट्रगीत त्याचेच.

श्रोतेहो, मी मराठीत कविता लिहितो. गेली तीस-पस्तीस वर्षे लिहितो आहे. या काळात कविसंमेलनांतून एक वाक्य मी किती वेळा ऐकले त्याची मोजदाद नाही: ‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’ म्हणणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. चहा हातात देत, पाठीवर थाप मारत तो म्हणतो. मी ‘धन्यवाद’ म्हणतो. माझ्या आईने मला रागावताना, भरवताना, झोपवताना जी भाषा वापरली ती हीच, कोकणच्या वळणाची. तिच्यात शुद्ध काय आणि अशुद्ध काय! दुसऱ्या बाजूने आमच्यातले काही बुजुर्ग विचारतात, ‘मियां, शायरी करायचीच तर उर्दूत का नाही?’ त्यांच्याही मनात प्रेमच असते. या दोन प्रेमांच्या मधे उभे राहून माझी पन्नाशी उलटली. शेख महंमद श्रीगोंदेकरांनी चारशे वर्षांपूर्वी ‘योगसंग्राम’ लिहिला तेव्हा त्यांनाही कुणी हे विचारले असेल का, असे कधी कधी मनात येते. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ तर १६१६ मध्ये गोव्यात चक्क रोमन लिपीत छापले गेले. मराठीला हे काही नवे नाही. माणसेच विसरतात.

भाचीच्या घरमालकीणबाई तळमजल्यावर राहतात. सत्तरीच्या, एकट्या, रोज सकाळी चर्चला जाणाऱ्या. इंग्रजी माझ्यापेक्षा चांगले. मी काय करतो म्हणून त्यांनी विचारले. कविता लिहितो म्हटले. कुठल्या भाषेत? मी मराठी सांगितले, ती कुठे बोलतात ते सांगितले. आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहू लागलो: मुसलमान असून? तो प्रश्न आलाच नाही. ‘म्हणजे तुमच्या आईची भाषा,’ एवढेच म्हणून त्या टोमॅटो चिरू लागल्या. इतकी साधी गोष्ट इतक्या साधेपणी कुणी बोलले की काही क्षण काय बोलावे ते सुचत नाही.

याचा अर्थ त्यांना सगळे मान्य होते असे नाही. तुमच्या भाषेत किती अरबी आहे, असे मी उत्साहाने म्हणालो, तर त्यांनी सुरी खाली ठेवली. अरबी नव्हे, म्हणाल्या. आमची भाषा फिनिशियन लोकांची, येशूच्याही आधीची. तिथे असे मानणारे खूप होते, अजूनही आहेत. वासाल्लीसारख्या विद्वानांनीही माल्टीचे मूळ फिनिशियन-प्यूनिकमध्येच शोधले होते. भाषाशास्त्रज्ञांनी आता ते निकालात काढले आहे. मला मात्र हसू आले ते आमच्या कोकणातल्या माणसांचे. आमच्याकडे मराठी बोलणारा, आंबोळी खाणारा, भात लावणारा माणूस छाती काढून सांगतो की आमचे पूर्वज अरबस्तानातून, बसऱ्याकडून गलबताने आले. आणि इथे तोंड उघडले की अरबी बोलणाऱ्या बाई सांगत होत्या की अरबांचा आणि आमचा संबंध नाही. पूर्वज निवडण्याची मुभा मिळाली की माणूस शक्यतो लांबचे निवडतो.

त्या वर्षी आठ सप्टेंबर शुक्रवारी आला. हा माल्टाचा विजयदिन. १५६५ च्या मे महिन्यात उस्मानी सुलतान सुलेमानचे आरमार बेटावर चालून आले. बेट तेव्हा सेंट जॉनच्या सरदारांच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या ताब्यात होते. सेंट एल्मोचा किल्ला २३ जूनला पडला, पण बाकीचे किल्ले टिकले. उस्मानींचा नावाजलेला दर्यावर्दी तुर्गुत रईस या वेढ्यातच मारला गेला. सप्टेंबरात सिसिलीहून कुमक आली आणि वेढा उठला. सरदारांचा म्होरक्या ला व्हॅलेट याच्या नावाने पुढच्या वर्षी नव्या शहराचा पाया घातला, तीच आजची राजधानी वॅलेटा. आठ सप्टेंबर हा मेरीमातेचा जन्मदिवसही मानतात. त्यामुळे विजय आणि जन्म दोन्ही एकदमच साजरे होतात. बंदरात रंगीत होड्यांच्या शर्यती लागतात, गावागावांची इरेसरी असते, तटावर माणूस मावत नाही.

सकाळी मी वॅलेटात वेढ्याच्या स्मारकापाशी गेलो. हार-फुले होतीच, पण पायथ्याशी आणखी मेणबत्त्या आणि एका बाईचे छायाचित्र होते. दाफने कारुआना गालित्सिया. सत्ताधाऱ्यांची लफडी बाहेर काढणारी ही पत्रकार १६ ऑक्टोबर २०१७ ला मोटारीतल्या बाँबने मारली गेली. समोरच न्यायालय आहे, म्हणून लोकांनी जागा हीच निवडली. फुले-मेणबत्त्या कितीदा हटवल्या गेल्या आणि लोकांनी कितीदा पुन्हा आणून ठेवल्या. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या शत्रूवरच्या विजयाच्या पायथ्याशी ही घरातली लढाई चालू आहे. मला ते मोठ्या पुष्पचक्रांपेक्षा जास्त जिवंत वाटले.

त्या उत्सवात माझ्या मनात काय होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ‘तुर्क’ हा शब्द सारखा कानावर पडत होता. माल्टीत तोर्क म्हणजे तुर्क आणि बोलीत तोर्क म्हणजे कुठलाही मुसलमान. मला अपमान वाटला का? नाही. त्या वेढ्याच्या चौदा वर्षे आधी, १५५१ मध्ये, याच तुर्गुतच्या आरमाराने शेजारच्या गोझो बेटावरची जवळजवळ सगळी वस्ती, सुमारे पाच हजार माणसे, गुलाम म्हणून उचलून नेली होती. बायका, मुले, सगळी. ज्या लोकांनी हे सोसले त्यांनी विजयदिन का साजरा करू नये? आणि इकडे सरदारांच्या गलबतांची वल्ही मारत होते पकडून आणलेले मुसलमान गुलाम. वॅलेटात त्यांचा तुरुंगच होता. ही गुलामी संपली ती १७९८ मध्ये नेपोलियन आला तेव्हा. दोन्हीकडच्या होड्यांतून माणसेच विकली गेली. फरक इतकाच, की विजयदिन ज्याच्या बाजूचा असतो त्याच्याच गुलामांची आठवण त्या दिवशी निघते.

दुपारी जुम्म्याच्या नमाजासाठी भाचीचा नवरा मला पाओला गावी घेऊन गेला. माल्टीत या गावाला राहाल ज्दीद म्हणतात, नवे गाव. या मशिदीची कोनशिला १९७८ मध्ये लिबियाच्या गद्दाफींच्या हस्ते बसली. लिबियन, सीरियन, सोमाली, बांगलादेशी, सगळ्या रंगांची माणसे रांगेत होती. बाहेर पडताना मी पाटी वाचली: मरियम अल-बतूल मशीद. बतूल म्हणजे कुमारी. कुमारी मरियम! बाहेर सारे बेट त्याच मरियमचा जन्मदिवस साजरा करत होते. मी थांबून ती पाटी पुन्हा वाचली. भाचीचा नवरा म्हणाला, ‘मामू, चला, शर्यती सुरू होतील, मग जागा मिळणार नाही.’ आम्ही शर्यती पाहिल्या. कोण जिंकले ते मला आठवत नाही. शेजारच्या माणसाने न मागता खारे शेंगदाणे दिले, ते आठवते.

दुसऱ्या आठवड्यात मार्सा गावी तुर्की कबरस्तान पाहिले, फाटकाबाहेरूनच. १८७४ च्या सुमारास उस्मानी सुलतान अब्दुल अझीझच्या खर्चाने एका माल्टी वास्तुकाराने ते बांधले. घुमट, मनोरे, कमानी, सगळा थाट असा की एखाद्या लखनौकराला घरची आठवण यावी. मौलाना महमूद हसन यांच्याबरोबर कैदेत असलेल्यांपैकी हकीम नुसरत हुसेन माल्टातच वारले. ते हिंदुस्थानात परतले नाहीत. मुंबई बंदरावरच्या त्या गर्दीत त्यांच्या घरचे कुणी आले असेल का, हे आजोबांना विचारायचे राहून गेले. कैदेत असतानाच मौलानांनी कुराणाचा उर्दू तर्जुमा पुरा केला. कुंपणापलीकडचे माल्टी शिपाई आणि विक्रेते देवाचे नाव अल्ला असेच घेत असणार. ते ऐकून त्या म्हाताऱ्या मौलानांना काय वाटले असेल? मी फाटकाशी उभा राहून सगळ्यांसाठी मिळून एक फातिहा पढलो. मोटारींचा रस्ता अगदी लगत आहे, त्यामुळे मनातच.

मुक्कामाच्या शेवटी पहिला पाऊस आला. आला म्हणजे काय, पाच मिनिटे शिंतोडा, तोही लख्ख उन्हात. घरमालकीणबाई गच्चीवरचे कपडे काढत होत्या. वर पाहून त्या सवयीने म्हणाल्या, ‘त्वीलेद तोर्क!’ भाचीने लगेच अर्थ सांगितला, उन्हात पाऊस पडला की इथे म्हणतात, तुर्क जन्मला. आणि मग दोघींनीही माझ्याकडे पाहिले. बाई ओशाळल्या. मी म्हटले, आमच्याकडे अशा वेळी कोल्ह्याचे लग्न लागते. त्यांना ते इतके आवडले की त्यांनी ते शेजारणीला गच्चीवरूनच ओरडून सांगितले. आता त्या गल्लीत उन्हात पाऊस पडला की तुर्क जन्मतो की कोल्ह्याचे लग्न लागते, हे विचारायला हवे.

निघण्याच्या दोन दिवस आधी गोझोला गेलो. फेरीबोटीने अर्धा तासही लागत नाही. १५५१ मध्ये रिकामे झालेले ते बेट आज माल्टापेक्षा निवांत आहे. उंचावरच्या जुन्या किल्ल्यात पुरातत्त्व संग्रहालय आहे, आणि तिथे एका मुलीचा कबरीचा दगड ठेवला आहे. नाव मैमुना, हसनची मुलगी. मृत्यू हिजरी ५६९, म्हणजे इ. स. ११७४. लक्षात घ्या, तेव्हा राज्य नॉर्मनांचे होते आणि मुसलमान अजून बेटावर नांदत होते. कुण्या जुन्या रोमन इमारतीतला संगमरवर उचलून त्याच्या पाठीवर कुफी लिपीत हा लेख कोरला आहे. म्हणजे एकाच दगडाच्या एका अंगाला रोम आणि दुसऱ्या अंगाला मैमुना. मला अरबी अक्षरे वाचता येतात, पण कुफीच्या उभ्या काठ्यांपुढे माझे काही चालेना. बऱ्याच वेळाने तिचे नाव तेवढे सापडले. लेख पुढे कवितेच्या वळणाने जातो. मरणाला कुठलाही दरवाजा अडवू शकत नाही, अशा अर्थाचे काही त्यात आहे. कोणी लिहिले असेल? बापानेच, की बापाने एखाद्या कवीला पैसे देऊन लिहून घेतले?

माल्टी भाषेतली सर्वांत जुनी म्हणून ज्ञात असलेली रचनाही कविताच आहे. पंधराव्या शतकातल्या पिएत्रू काशारो याची, वीस ओळींची, पाया खचून कोसळलेल्या घराविषयीची. ती १९६६ मध्ये सापडली एका जुन्या नोटरीच्या दप्तरात. सरकारी कागदांत कविता सापडू शकते ही बातमी आमच्या कविमंडळींना मी येताच दिली.

संग्रहालयातल्या देखरेखीच्या बाई माझ्याकडे बराच वेळ पाहत होत्या. इतका वेळ त्या दगडापाशी कोणी थांबत नसावे. जवळ येऊन त्यांनी विचारले, वाचता येते का? थोडे थोडे, म्हटले. त्या म्हणाल्या, मला अक्षर येत नाही, पण कुणी मोठ्याने वाचले की दोन-तीन शब्द कळतात. मेवत, मरण. बीब, दरवाजा. तुमच्या भाषेत दरवाजाला काय म्हणतात? मी म्हटले, दार. त्या हसल्या. दार तर आमच्याकडे घर. मी म्हटले, ठाऊक आहे, माझ्या नातीने शिकवले. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा माझ्यासारखा म्हणून पाहिला, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले. संग्रहालय बंद व्हायला दहा मिनिटे राहिली होती आणि वरचा मजला मी अजून पाहिलाच नव्हता.